अंदाज कुणाच्या माहितीवर?

थुंकीच्या नमुन्यावरून हृदयविकार, मधुमेहाची जोखीम सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांच्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे निदान जनुकावरून पक्के होते. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात डीएनएचे एकच अक्षर बदललेले असते. आई-वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक बाळगणारे) असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून हा आजार जास्त आढळणाऱ्या नंदुरबार, गडचिरोलीकडे लग्नाआधी रक्ततपासणी हवीच.

मधुमेहाचे तसे नाही. तिथे शेकडो जनुकीय बदल, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि त्यांची बेरीज करून जोखीम काढतात. २०१९ च्या एका आढाव्यानुसार असे बदल शोधणाऱ्या जगभरातील अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. साहजिकच आपल्याकडे हे अंदाज कमी अचूक ठरतात. ‘कमी जोखीम’ वाचून कुणी साखर तपासणेच सोडले, तर जीवावर बेतेल. ‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पाने १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, ही मोलाची सुरुवात आहे. पण अंदाज कोणत्या लोकसमूहाच्या माहितीवर बेतला आहे, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर छापणे सरकारने आताच सक्तीचे करावे.

– एक वाचक, नंदुरबार