पहिलीच्या मुलांशी सरळ बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडण्याच्या तोंडावर, लहान मुलांशी उपरोधाने बोलण्याबद्दल हे पत्र मुद्दाम लिहीत आहे. माझी बहुतेक नोकरी धडगाव तालुक्यात, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांत झाली. तिथल्या एका शाळेत पहिलीतल्या मुलाची पाटीवरची अक्षरे उलटी पडली. गुरुजी म्हणाले, "वा, आज अगदी दिवे लावलेस!" मुलाला ते कौतुकच वाटले. त्याने पाटी उंच धरून वर्गाला दाखवली. शेजारी बसणारी तिसरीची मुले हसू लागली, तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. पुढे कितीतरी दिवस तो पाटी छातीशी धरूनच बसे.

'शहाणाच आहेस', 'काय पराक्रम केलास' ही बोलणी मराठी घरातले मूल आईच्या आवाजावरून, तिच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखायला शिकते. ज्याला मराठीच नवी आहे, ते मूल शब्दाचा सरळ अर्थ धरून चालते. त्याने दुसरे काय करावे?

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' या ग्रंथात या उलट्या बोलण्याचे उदाहरण दिले आहे. अपकार करणाऱ्याला एक जण म्हणतो, तुझे फार उपकार झाले, असाच वागत शंभर वर्षे सुखाने जग. काय घडले ते दोघांनाही ठाऊक आहे, म्हणूनच ते बोल लागतात. आणि बोलणारा तिथे दुखावलेला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. रस्त्यावरच्या खड्ड्याचा वाढदिवस साजरा करणाऱ्या नागरिकांच्या तोंडी उपरोध शोभतो, कारण सत्ता समोरच्याकडे असते. वर्गात ती शिक्षकाकडे असते. सहा वर्षांच्या मुलाला उलट उत्तरही देता येत नाही.

उपरोध मराठीतून जावा असे मी अजिबात म्हणत नाही. वरच्या वर्गांत व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा करणारा अलंकार, जरूर रंगवून शिकवावी. पण शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. आपली चर्चा मात्र छडीपाशीच थांबते. आसपासच्या शाळांचे मिळून जे केंद्र असते, त्याच्या शिक्षकांच्या पहिल्याच शिक्षण परिषदेत या बोलण्याचा विषय घ्यावा, आणि अक्षर चुकले तर "हे असे काढ" म्हणून मुलाचा हात धरून ते गिरवून घ्यावे, अशी माझी शिक्षक बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, शहादा (जि. नंदुरबार)