वनमंत्री साहेब, कोकराचा पंचनामा कशाचा करायचा?

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या माळावर, मेंढरं घेऊन कोकणात न उतरलेल्या एका धनगरवाड्यावर मी मुक्कामाला होतो. पहाटे लांडग्यानं वाघरीवरून, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणावरून, उडी टाकली. कुत्री भुंकली, आजींनी बॅटरी मारली, तोवर कोकरू ओढ्यापलीकडे गेलेलं. उजाडल्यावर पाहिलं तर वाघरीच्या जाळीत चिमूटभर लोकर अडकली होती आणि ओढ्याच्या ओल्या मातीत ठसे उमटले होते. बाकी काही नाही.

"आजी, भरपाई मागा की," मी म्हटलं.

"कशाची मागू बाळा? लोकरीची?"

नियम आपल्याला ठाऊकच आहे: ४८ तासांत वनखात्याला कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, मग पंचनामा. बिबट्यानं गोठ्याशेजारी गाय मारली तर हे जमतं. लांडगा कोकरू तोंडात धरून पिल्लांकडे नेतो, मागं मढंच उरत नाही. शिवाय दोन दिवसांत वाडा पुढच्या शिवारात. कर्मचारी पोचेपर्यंत तिथं फक्त लेंड्या. तरी आजी रागावल्या नव्हत्या. "त्याचा वाटा त्यानं नेला," एवढंच म्हणाल्या आणि चूल पेटवायला बसल्या. आपल्या राज्यात लांडगा टिकून आहे तो अशा माणसांच्या जिवावर, आणि त्यांनाच आपण मढं दाखवा म्हणतो.

२०२२ च्या गणनेत देशात वाघ ३,६८२ भरले. लांडगे आहेत जेमतेम तीन हजार. वन्यजीव कायद्यात सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूची १ मध्ये दोघेही आहेत, पण लांडग्याच्या नावानं कुठं जीपगाड्यांची रांग लागत नाही. जनुकशास्त्रज्ञ सांगतात, आपला लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी आहे. असो, जुनेपणाचं कौतुक आपल्याकडे गडकिल्ल्यांपुरतंच.

त्याचं आयुष्यही तोकडं. माळावर पाच-सहा वर्षं जगला तरी नशीब. दुसऱ्या वर्षाच्या आसपास वयात येतो, म्हणजे जोडीच्या वाट्याला तीन-चार विणी. पिल्लं होतात ऐन थंडीत, ओढ्याकाठच्या घळीतल्या बिळात. आणि नेमकं त्याच सुमारास पावसाळी वृक्षलागवडीसाठी खड्डे आणि चर खणायला जेसीबी माळावर येतो. एक बीळ ढासळलं की त्या जोडीच्या आयुष्याच्या कमाईचा तिसरा-चौथा हिस्सा गेला. वर लावायचं काय, तर गिरिपुष्प हे परदेशी झाड! कुसळी आणि पवन्या गवताच्या माळावर गिरिपुष्पाची सावली कुणाला हवी आहे? ना चिंकाऱ्याला, ना माळावरच्या धाविक पक्ष्याला, ना मेंढराला. माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे साहेब, ते गवताचंच रान आहे. पण कागदावर 'पडीक' लिहिलं की त्यावर झाडं लावा, सौर पट्ट्या टाका, प्लॉट पाडा, सगळं पुण्याचंच काम ठरतं.

अभयारण्य आहे की, असं कुणी म्हणेल. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं. लांडग्याच्या एका टोळीला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटर फिरायला लागतात. म्हणजे बाकी सगळं आयुष्य गायरानात, शेताच्या बांधावर आणि भटक्या कुत्र्यांच्या संगतीत. कुत्र्यांकडून पिसाळरोग येतो, डिस्टेंपर हा विषाणूचा आजार येतो. पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्रा संकरही जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. माळालगतच्या गावांत कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी पशुसंवर्धन खात्याला सोबत घेऊन झाली, तर निम्मं काम होईल.

माळावरची झाडं थांबवायला वेळ लागेल, फायली फिरतील, हे कळतं. पण एक गोष्ट एका शासन निर्णयात होण्यासारखी आहे. कोकरू उचलून नेलं असेल तर ठसे, लोकर आणि शेजारच्या वाड्याची साक्ष हाच पुरावा धरावा, आणि अर्ज मेंढपाळ ज्या गावात पोचला असेल तिथल्या वनरक्षकाकडे घेतला जावा. पुढच्या विणीच्या आत हे झालं, तर आजींना सांगायला मी स्वतः जाईन. वाडा कुठं असेल ते शोधावं लागेल, तेवढंच.

आपला,
पुणे जिल्ह्यातला एक माळफिरस्ता