मंत्रिमहोदय, 'हाताला मार' म्हणजे नेमकं काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांना सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि अमेरिकेतल्या लोकांच्या मोडलेल्या हाडांचा हिशेब ठेवते. मेडिकल कोडर आहे. रात्री लॅपटॉप उघडला की तिकडच्या डॉक्टरांचे कागद येतात, ते वाचून प्रत्येक दुखण्याला कोड लावायचा. कोपर ते मनगट यांमधलं हाड मोडलं की कोड 'एस ५२' पासून सुरू होतो. पुढचे आकडे सांगतात अल्ना म्हणजे करंगळीकडचं हाड मोडलं की रेडिअस म्हणजे अंगठ्याकडचं, कोपराकडे, मधोमध की मनगटाकडे, उजवं की डावं. सातव्या जागी १६ अक्षरांपैकी एक बसतं. त्यावरून कळतं की जखम बंद आहे की उघडी, उपचार चालू आहेत की हाड जुळत आलंय, की वाकडं जुळलंय. यातलं काहीही मला मनानं घालता येत नाही. डॉक्टरनं लिहिलं तेवढंच खरं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

तिकडचे डॉक्टर काही फार मायेनं लिहितात असं नाही. कोड अर्धवट असला की विमा कंपनी पैसे अडवते, म्हणून लिहितात. तरी लिहितात.

आता माझ्या घरचा कागद सांगते. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाबा शेतात होते. पऱ्हाटीतून रानडुक्कर निघालं आणि धडक देऊन गेलं. बाबा धुऱ्यावर उजव्या हातावर पडले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, फोटो काढला, कच्चं प्लास्टर घातलं. केसपेपरवर लिहिलं होतं: 'हाताला मार, फोरआर्म फ्रॅक्चर, प्लास्टर', आणि खाली गोळ्या. कोणता हात, ते नाही. कोणतं हाड, तेही नाही. फिल्म मिळाली नाही, मी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घेतला. त्यात हाताचा मधला भाग दिसतो. कोपर चौकटीबाहेर.

मीही तो कागद वाचला, मंत्रिमहोदय. दुसऱ्याच्या कागदात एक शब्द कमी असला तर डॉक्टरला उलट प्रश्न पाठवणारी मी. बापाच्या वेळी गप्प बसले. डॉक्टर एकटे होते आणि मागं रांग दारापर्यंत होती.

पाच आठवड्यांनी प्लास्टर काढलं, तर हात फिरेना. नागपूरला कळलं, अल्ना मोडलं होतंच, पण त्याच वेळी रेडिअसचं डोकंही कोपरातून निसटलं होतं. या दुखापतीला मोंटेजिया म्हणतात. त्या नावाच्या इटालियन सर्जननं १८१४ मध्येच ती सांगून ठेवली आहे. ती नजरेतून सुटते ती बहुधा कोपर फोटोत न घेतल्यानं, म्हणून नियम एवढाच की वरचा सांधा आणि खालचा सांधा दोन्ही दिसले पाहिजेत. माझ्या कामात तिला एस ५२.२७१ असा कोड आहे, उजव्या हातासाठी. डुकरानं धडक दिली यालासुद्धा वेगळा कोड आहे, डब्ल्यू ५५.४२. पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले होते.

ऑपरेशन झालं, वाकडं जुळलेलं हाड पुन्हा कापून प्लेट टाकली. तरी बाबांचा तळहात आभाळाकडे होत नाही. देवळात प्रसादाला हात पुढे केला की तो उभाच राहतो आणि शेंगदाणे, साखर खाली सांडतात. मग डावा हात पुढे करतात आणि पुजाऱ्याकडे बघत नाहीत.

वन्यप्राण्याच्या हल्ल्याची नुकसानभरपाई मागायला फाईल टाकली, ती परत आली. पहिल्या कागदावर बाजू नाही, नंतरच्या एका दाखल्यावर चुकून डावा हात. मग जखम याच घटनेची कशावरून? प्रश्न तसा चूक नाही. उत्तर द्यायला कागदच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. काठीचा फटका चुकवायला माणूस हात डोक्यावर आडवा धरतो, तेव्हा बहुधा एकटं अल्ना मधोमध मोडतं. तोल जाऊन तळहातावर पडलं तर सहसा रेडिअस मनगटापाशी मोडतं. पुरावा नव्हे हा, पण विचारायला हवं एवढं नक्की सांगतो. आमच्याकडे बाई नवऱ्यासोबत येते, 'मोरीत पडली' म्हणून नवराच सांगतो, कागदावर 'हाताला मार' येतं आणि विषय मिटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे. धुऱ्याच्या भांडणात तरी माणूस ओरडून सांगतो, की काठी मारली. ती सांगत नाही. तिच्या बाजूनं बोलायला फक्त ते हाड असतं, आणि ते कोणतं हेच लिहिलेलं नसतं.

मी सात अक्षरी कोड मागत नाही. नवं पोर्टल तर मुळीच नको. बाबांचं आभा हे सरकारी आरोग्य-ओळखीचं कार्ड आहे, १४ आकडी नंबर आहे, पण आत लिहायला माहितीच नसेल तर नंबर काय करणार? मला हवा आहे एक रबरी शिक्का. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, हाड मोडलेल्याच्या केसपेपरवर तो उमटावा आणि रिकाम्या जागा हातानं भराव्यात: बाजू, हाड, कोणता भाग, कातडी फाटली का, हाड सरकलं का, वरचा-खालचा सांधा फोटोत आहे का, कशानं झालं. ज्यानं तपासलं त्याची सही. मी घड्याळ लावून भरून पाहिलं, पाऊण मिनिट लागलं. फोटोची प्रत पेशंटला मिळावी, स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे. आणि सांधा दिसत नसेल तर फोटो पुन्हा काढायला सांगायचा अधिकार एक्स-रे काढणाऱ्यालाही असावा.

शिक्क्याचा नमुना मी काढून ठेवला आहे, मराठीत, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा. आपल्या कार्यालयानं मागितला तर दुसऱ्या दिवशी पाठवते. बाबांच्या फाईलला मात्र आता तो लागू पडणार नाही, ती तिसऱ्यांदा टाकली आहे.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक मेडिकल कोडर