प्रश्नावली कोण लिहितो?

संपादक महोदय,

नगररचनेच्या व्यवसायात स्त्रिया, अपंग, स्थलांतरित आणि वंचित समाजांतील माणसे किती, हा विषय निघाला की चर्चा बहुधा टक्केवारीवर येऊन थांबते. या व्यवसायात उमेदीची सगळी वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, फरक पडतो तो नकाशावर पहिली रेघ ओढण्याच्याही आधी, सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार होताना. 'कामाला किती वाजता निघता आणि कशाने जाता' एवढेच विचारले, तर मुलाला पाळणाघरात सोडून, वाटेत सासऱ्यांचे औषध घेऊन मग कामावर पोहोचणाऱ्या बाईचा प्रवास तक्त्यात एकच फेरी म्हणून उतरतो. पायी तोडलेले अंतर तर उतरतच नाही. असे तक्ते मी स्वतः भरून घेतले आहेत. त्यात काही राहून जाते आहे, हे आमच्यापैकी कोणालाच खटकले नाही, कारण आम्ही सगळेच सकाळी घरून थेट कार्यालयात येणारे होतो.

व्हिएन्नामध्ये १९९१ साली नगररचनाकार एफा काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील स्त्रियांच्या रोजच्या वावरावर छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. पुढे तिथेच स्त्री वास्तुरचनाकारांनी आखलेली ३५७ घरांची वसाहत १९९७ मध्ये पूर्ण झाली. मजल्यामजल्यावर बाबागाड्या ठेवायला जागा, घरांतून नजरेत राहणारी खेळाची अंगणे, आवारातच बालवाडी. यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागले नाही.

दृष्टिहीनांना पायाखाली वाट कळावी म्हणून बसवतात त्या उंचवट्यांच्या फरशा १९६७ मध्ये जपानमधील ओकायामा येथे प्रथम रस्त्यावर आल्या. त्या शोधणारे सेइइची मियाके नगररचनाकार नव्हते, ही बाब आमच्या व्यवसायाला फारशी भूषणावह नाही. अशा फरशांची ओळ सरळ दिव्याच्या खांबाला जाऊन भिडलेली मी पाहिली आहे. कागदोपत्री काम चोख होते. पांढरी काठी घेऊन चालणारे कोणी मात्र ते मंजूर करणाऱ्यांत नव्हते.

यावर 'आम्ही हरकती-सूचना मागवतोच की' हे उत्तर ठरलेले असते. लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तीत नुसते मत विचारणे चौथ्या पायरीवर आहे आणि त्याची गणना त्यांनी देखाव्यातच केली होती. आराखडा छापून झाल्यावर आलेली हरकत फार तर एखाद्या भूखंडावरचे आरक्षण हलवते. न विचारलेला प्रश्न तिने भरून निघत नाही.

विनावेतन शिकाऊ उमेदवारी आधी बंद व्हावी, कारण पगाराची निकड असलेला विद्यार्थी तिथेच गळतो. जे आत येतात त्यांना लोकांच्या सभा घ्यायला पाठवले जाते आणि माहितीपत्रकाच्या छायाचित्रात पहिल्या रांगेत बसवले जाते. प्रश्नावलीच्या मसुद्यावर त्यांची सही मी क्वचितच पाहिली.

– एक निवृत्त नगररचनाकार