कैलास हिमालयात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कैलास यात्रेवरचा लेख आवडला. पण ‘हिमालयाचे सर्वांत पवित्र शिखर’ हे शब्द खटकले. आम्ही २०११ साली लिपुलेख खिंडीतून गेलो होतो. हिमालय तिथेच ओलांडतो आपण; कैलास त्याच्या पलीकडे, वेगळ्या रांगेत आहे. मधल्या पट्ट्यात, राक्षसतालाजवळ, आमच्या ह्यांनी एक काळपट हिरवा, हाताला गुळगुळीत लागणारा दगड उचलला. तो देवघरात ठेवला होता. भूशास्त्र शिकणारा भाचा दिवाळीला आला आणि म्हणाला, “मावशी, हा बहुतेक समुद्राच्या तळाखालचा दगड आहे.” मला चेष्टाच वाटली.

मग त्याने आउगुस्तो गान्सर यांची हकिकत सांगितली. हा स्विस भूशास्त्रज्ञ १९३६ साली आर्नोल्ड हाइम यांच्याबरोबर कुमाऊँत आला, वय जेमतेम पंचवीस. तिबेट परक्यांना बंद. पठ्ठ्याने यात्रेकरूचा लाल झगा चढवून कैलासाची परिक्रमा केली, वाटेत दगड गोळा करत! (आम्हाला परवाना, डॉक्टरी तपासणी, सगळं असून धाप लागत होती.) कैलासाच्या दक्षिणेला त्यांना खोल समुद्रतळाचे खडक सापडले. भूखंड सरकतात हे तेव्हा फार थोड्यांना पटत होतं, त्यामुळे पुरता अर्थ लागायला तीसेक वर्षं गेली. भारत आणि आशिया यांच्यामधला टेथिस समुद्र मिटला आणि जोडावर त्याच्या तळाच्या चिंध्या तेवढ्या उरल्या. ह्या जोडाला भूशास्त्रातही शिवणच म्हणतात. मी बत्तीस वर्षं शिवणक्लास चालवला, तेव्हा हिमालय म्हणजे शिवणीच्या अलीकडे पडलेल्या चुण्या, हे मला लगेच कळलं. भाचा म्हणतो, नुसत्या चुण्या नाहीत, थर फाटून एकमेकांवर चढलेत. असतील.

गान्सर पुढे कोलंबियात, इराणात तेल शोधत हिंडले, १९५८ पासून झुरिकला प्राध्यापक होते. १९६४ मध्ये त्यांचा हिमालयाच्या भूशास्त्रावरचा ग्रंथ आला. नंतर भूतान पायाखाली घातला. जानेवारी २०१२ मध्ये १०१ व्या वर्षी गेले. म्हणजे आम्ही परिक्रमा करत होतो तेव्हा ते होते, आणि आम्हाला नावही ठाऊक नव्हतं.

आणखी एक. छायाचित्राखाली ‘बर्फाच्या पायऱ्या’ असं छापलंय. त्या पायऱ्या खडकाच्या आहेत: नद्यांनी आणून टाकलेले गोटे घट्ट होऊन झालेले आडवे थर. बर्फ त्यांच्यावर नुसता बसलेला असतो.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका, मिरज