रानचिमणी दाखवणाऱ्या अनोळखी मंडळींचे आभार

रविवारी सकाळी खारघरच्या सेंट्रल पार्कात माझ्या बाबांना रानचिमणी दाखवणाऱ्या तुम्हा चौघांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली.

बाबा ८१ वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ही पिवळ्या गळ्याची चिमणी त्यांना एकदा तरी पाहायची होती. लहानपणी पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने पाडली ती हीच, आणि तिच्यामुळेच ते पक्ष्यांकडे वळले, हे बाबांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलंय. घरचिमणीसारखी ती वळचणीला दिसत नाही. घरटं झाडाच्या ढोलीत, त्यामुळे माना वर करकरून शोधायचं. तुम्हीही दोन तास शोधत होतात. तरी सापडल्यावर आधी फोटो न काढता बाबांना पुढे बोलावलंत, दुर्बिणीचा स्टँड त्यांच्या उंचीला खाली घेतलात.

वाळक्या फांदीवर नर बसला होता. काळी चोच, खांद्यावर तांबूस डाग. त्याने मान वर केली आणि गळ्यावरचा पिवळा ठिपका उन्हात आला. "दिसला गं, दिसला!" म्हणताना बाबांचा आवाज कापत होता.

ज्या ताईंनी बाबांना आपली टोपी घातली, त्यांची टोपी आमच्याकडेच राहिलीय. येत्या रविवारी सकाळी सातला घेऊन येते, गेटपाशीच थांबेन.