इंग्लंडमध्ये भाडेकरार रिन्यू करायची फी भरू नका

संपादक महोदय,

आपल्या पेपरच्या वाचकांमध्ये असे बरेच आईवडील असणार की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमध्ये शिकतेय, नाहीतर केअर होममध्ये, वेअरहाउसमध्ये कामाला आहे आणि भाड्याच्या खोलीत राहतेय. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी. वर्ष संपत आलं की लेटिंग एजंटचा (घरमालकाच्या वतीने घर भाड्याने देणाऱ्या दलालाचा) ईमेल येतो, करार संपतोय, रिन्यू करायचा असेल तर अमुक इतके पाउंड रिन्यूअल फी भरा आणि शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा नाहीतर खोली दुसऱ्याला देऊ. मुलं घाबरतात, पैसे भरतात, नसले तर मित्राकडून उसने घेतात नाहीतर घरी फोन करतात, आणि घरचे बिचारे तिकडून पाठवतात.

ही फी घेणं इंग्लंडमध्ये बेकायदेशीर आहे. टेनंट फीज अ‍ॅक्ट २०१९ नावाचा कायदा आहे, तो १ जून २०१९ ला नव्या करारांना लागू झाला आणि १ जून २०२० पासून जुन्या करारांनाही. स्टुडंट म्हणून घेतलेली खोली असो की घरमालकाच्याच घरात राहायला घेतलेली असो, बहुतेक सगळे त्यात येतात. वेल्समध्ये असाच कायदा १ सप्टेंबर २०१९ पासून आहे, आणि स्कॉटलंडमध्ये तर भाडेकरूकडून असली फी घ्यायला त्याच्या आधीपासूनच बंदी आहे.

कायद्याची पद्धत साधी आहे. एजंट किंवा घरमालक काय काय घेऊ शकतो त्याची यादी दिलीय, त्यात जे नाही ते घ्यायचं नाही. भाडं, परत मिळणारं डिपॉझिट (वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडच्या आत असेल तर जास्तीत जास्त ५ आठवड्यांच्या भाड्याएवढं), खोली धरून ठेवायला जास्तीत जास्त १ आठवड्याचं भाडं, लाइट, पाणी, काउन्सिल टॅक्स (काउन्सिल म्हणजे इथली पालिका, तिचा घराचा कर), हरवलेल्या चावीचा खरा खर्च, १४ दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या भाड्यावर थोडं व्याज, मुदतीआधी घर सोडलं तर त्याचा खर्च आणि भाडेकरूने स्वतः करारात बदल मागितला तर साधारण ५० पाउंड. रिन्यूअल फी या यादीत नाही, अ‍ॅडमिन फी नाही, रेफरन्सची (भाडेकरूची चौकशी करण्याची) फी नाही.

त्या ५० पाउंडांपाशी बरीच मुलं फसतात. एजंट म्हणतो रिन्यूअल म्हणजे करारात बदलच झाला ना, मग ५० द्या. तसं नाहीये. तुम्ही म्हणालात की माझ्याबरोबर राहणारा बदलतोय, त्याचं नाव काढून दुसऱ्याचं घाला, तर तो बदल. आहे तेच घर आहे त्याच माणसाने पुढे चालू ठेवणं हा बदल नाही.

दुसरा प्रकार व्हिसावाल्यांच्या बाबतीत होतो आणि याची मला जास्त चीड येते. इंग्लंडमध्ये घर भाड्याने देताना राइट टू रेंट, म्हणजे त्या माणसाला इथे भाड्याने राहायचा हक्क आहे की नाही, हे तपासावं लागतं, आणि व्हिसाची मुदत संपत आली की एजंटला परत तपासावं लागतं. मग त्याचे पैसे मागतात, आणि व्हिसाचं नाव निघालं की आपली मुलं एक शब्द बोलत नाहीत. ही तपासणी करणं ही त्यांची जबाबदारी आहे, तिचे पैसे भाडेकरूकडून घ्यायला बंदी आहे. आपण फक्त सरकारी वेबसाइटवरून शेअर कोड (ज्यावरून एजंटला आपला हक्क ऑनलाइन तपासता येतो तो कोड) काढून द्यायचा, तो फुकट मिळतो.

आता मुळात रिन्यू करायची गरज असते का, तर नसते. १९८८ च्या हाउसिंग अ‍ॅक्टप्रमाणे ठरलेली मुदत संपली आणि भाडेकरू तिथेच राहिला तर करार आपोआप पुढे चालू राहतो, त्याच अटींवर, साधारण महिन्या महिन्याने, नवीन कागदावर सही लागत नाही. त्यात आता रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट आला, २७ ऑक्टोबर २०२५ ला मंजूर झाला आणि १ मे २०२६ पासून इंग्लंडमधले खाजगी भाड्याचे नेहमीचे करार मुदतीशिवायचेच, म्हणजे रिन्यू करायला काही उरतच नाही. (युनिव्हर्सिटीची हॉस्टेल, मोठ्या स्टुडंट बिल्डिंगा आणि घरमालकाबरोबर एकाच घरात राहणारे यांचे नियम वेगळे आहेत, पण फीची बंदी तिथेही आहे.) भाडं वाढवायचं तर वर्षातून एकदा, ठरलेला सरकारी फॉर्म देऊन, दोन महिने आधी, आणि वाढ बाजारभावापेक्षा जास्त वाटली तर भाडेकरूला ट्रायब्युनलकडे (असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जाता येतं.

मग एजंट एवढी घाई का करतो? कारण बऱ्याच ठिकाणी नवीन सही झाली की त्याला घरमालकाकडूनही कमिशन मिळत आलंय. २००९ मध्ये लंडनच्या हायकोर्टात एका मोठ्या एजंट कंपनीची अशीच कमिशनची कलमं घरमालकांवर अन्यायकारक ठरली होती. म्हणजे नवीन सहीची गरज बहुतेक वेळा त्याला असते, तुम्हाला नाही, हे डोक्यात ठेवून तो ईमेल वाचा.

फी मागितली तर फोनवर वाद घालू नका, फोनवरचं काही सिद्ध करता येत नाही. ईमेलवर दोनच ओळी लिहा, की मला इथेच राहायचंय, आणि ही फी टेनंट फीज अ‍ॅक्ट २०१९ च्या कुठल्या परवानगीत बसते ते लेखी कळवा. माझ्या ओळखीतल्या केअर होममधल्या एका मुलीने एवढंच लिहिलं आणि फीचा विषय पुन्हा निघाला नाही. भरून झाली असेल तर तीही लेखी परत मागा, बँकेची एन्ट्री जोडा. पण रागाच्या भरात ती रक्कम स्वतःच भाड्यातून कापून घेऊ नका, कागदावर तुम्ही थकबाकीदार दिसता आणि चांगली केस उगाच बिघडते.

एजंट ऐकत नसेल तर त्याच्याकडे लेखी तक्रार करा आणि आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर पुढे जा. इंग्लंडमध्ये प्रत्येक एजंटला २०१४ पासून तक्रार निवारण योजनेचं सभासद असावंच लागतं, कुठल्या योजनेचा आहे ते त्याच्या ऑफिसात आणि वेबसाइटवर लिहिलेलं असतं. शिवाय काउन्सिलचं ट्रेडिंग स्टँडर्ड्स (ग्राहकांची फसवणूक रोखणारं) खातं दंड करू शकतं, ट्रायब्युनल पैसे परत द्यायला लावू शकतं, आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, शेल्टर या संस्था फुकट सल्ला देतात.

मुलं तक्रार का करत नाहीत ते मला माहितीय, व्हिसावर काही येईल आणि घर जाईल ही भीती. एजंटविरुद्ध तक्रार करण्याचा आणि व्हिसाचा काही संबंध नाही, सल्ला घेणं म्हणजे सरकारी मदत घेणंही नाही. घराची भीती मात्र खरी होती, कारण त्याच १९८८ च्या कायद्याच्या सेक्शन २१ खाली कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर काढता यायचं. १ मे २०२६ पासून तेही कलम रद्द.

माझी एक मागणी आहे आणि ती आपल्या पेपरमधून पोचावी म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलंय. मुलांना इकडे पाठवणारे जे कन्सल्टंट आणि नोकरीचे एजंट आहेत ते पालकांकडून भरपूर पैसे घेतात, थंडीचे कपडे काय न्यायचे, सिमकार्ड कुठलं घ्यायचं हे सगळं सांगतात, तर त्यांनी निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूच्या हक्कांची ही माहितीही लेखी दिली पाहिजे. आणि पालकांनी ती मागितली पाहिजे, कन्सल्टंटचा शेवटचा हप्ता देण्याआधी.

आपला,
एक वाचक, लेस्टर